भावजींनी लिहिलेला आकडा

आमचे हे रंगारी. म्हणजे चित्रं काढणारे नव्हेत, भिंती रंगवणारे. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीनं "कलाकार जावई मिळाला हो" म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि नवरदेव आला तो नखांत पांढरा ऑईलपेंट घेऊन. एकतीस वर्षं झाली, तो पेंट अजून नखांतच आहे. स्वभावानं गरीब, बोलण्यात कंजूष आणि कामात असा काटेकोर की दाराच्या वरच्या कडेलाही रंगाचा दुसरा हात मारल्याशिवाय शिडीवरून उतरणार नाही. एकदा मी म्हटलं, "अहो, तिथे वर कोण बघतंय?" तर म्हणाले, "मी बघितलंय ना." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

भावजी म्हणजे यांचे जोडीदार. सख्खे दीर नव्हेत, पण माझ्या सख्ख्या दिरानं कधी पाण्याला विचारलं नाही आणि या माणसानं माझ्या ऑपरेशनच्या वेळी तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून काढले. मग भावजी कोणाला म्हणायचं? दोघं सव्वीस वर्षं एकत्र काम करत होते. भावजी तोंडाचे गोड. गिऱ्हाईक त्यांनी बोलून आणायचं आणि आमच्या ह्यांनी हातानं टिकवायचं, अशी वाटणी. भावजींची एकुलती एक पोरगी तर माझ्या शिलाई मशीनखाली चिंध्या वेचतच मोठी झाली. तिच्या शाळेचा पहिला गणवेश मी शिवला. ती मला काकू म्हणते. म्हणत होती.

या दोघांची कामाची एक रीत होती आणि तिच्यावरून बाकीचे रंगारी त्यांची टर उडवायचे. नवीन काम बघायला गेले की दोघं घरभर वेगवेगळे फिरायचे, एकमेकांशी चकार शब्द बोलायचे नाहीत. ओल कुठे आहे, पुट्टी किती लागेल, शिडी कुठे पोचणार नाही, सगळं आपापलं बघायचं. मग काचपेपरचा एकेक तुकडा घ्यायचा, त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं कामाचा आकडा लिहायचा आणि दोन्ही तुकडे खिडकीच्या कट्ट्यावर पालथे ठेवायचे. मग एकदम उलटायचे. दोन आकड्यांमध्ये फरक असायचा तो अगदी थोडा, चहापाण्याइतका. दोघांच्या मधला आकडा गिऱ्हाइकाला सांगायचा. त्यात कधी तोटा झाला नाही, कधी काम हातचं गेलं नाही. आमचे हे एरवी कशाची फुशारकी मारत नाहीत, पण एवढ्याबद्दल म्हणायचे, "मधला आकडा चुकत नाही."

मी पडदे शिवते. हे ज्या घरांना रंग देतात त्यांतली बरीचशी घरं पडद्यांसाठी माझ्याकडे येतात. हे मापं आणतात, मी शिवते, हेच नेऊन लावतात. मी त्या खिडक्या कधी बघत नाही. कशा बघणार? आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, लिफ्ट नाही, चौपन्न पायऱ्या. माझा उजवा खुबा ऑपरेशननंतरही धड बसला नाही. वर्षातून दोन-तीनदा डॉक्टरांकडे जायला उतरते, तेही बसत बसत, लहान मूल उतरतं तशी. वर चढून आले की दोन दिवस अंथरुणात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तळमजल्यावर राहायला जा. नाहीतर आणखी दोन वर्षांनी खाली उतरणंच बंद होईल." दोन वर्षं म्हणाले होते आणि त्यातलं एक होऊन गेलं होतं. मला बंगला नको होता हो. दार उघडलं की रस्ता, एवढंच हवं होतं.

मग नर्सबाईंचं घर निघालं.

नर्सबाई म्हणजे निवृत्त झालेल्या एक बाई, एकट्या राहायच्या. त्या बहिणीकडे कायमच्या जायला निघाल्या होत्या. तळमजल्यावरचं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हातभर मोकळी जागा. या दोघांनी ते घर दोनदा रंगवलेलं. त्यामुळे त्या घराची नस अन् नस दोघांना माहीत. हे त्या दिवशी घरी आले ते चपला न काढताच माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "अगं, एक घर आहे. एक पायरी आहे, तीही मी घासून उताराची करीन." मी मशीन थांबवलं. या माणसाच्या तोंडून एका दमात इतकी वाक्यं मी लग्नातसुद्धा ऐकली नव्हती.

अर्थात, घर आम्हालाच दिसलं होतं असं थोडंच? आणखीही तीन जण मागे लागले होते. नर्सबाई म्हणाल्या, मला घासाघीस जमत नाही, रोज उठून कोणाचा तरी फोन, नको ते. त्यांच्या एजंटनं मग सांगितलं की ज्याला हवंय त्यानं शनिवारपर्यंत बंद पाकिटात आपला आकडा द्यायचा. एकदाच, नंतर बदल नाही. रविवारी सगळ्यांसमोर पाकिटं फोडायची. एजंट माणूस बरा होता. ह्यांना त्यानं बाजूला घेऊन समजावलं, "नुसता मोठा आकडा म्हणजे चांगली ऑफर नाही. बँकेचं मंजुरीचं पत्र जोडा. अटी घालत बसू नका. ताबा बाईंच्या सोयीनं घेऊ म्हणा. आणि आकडा असा लिहा की घर गेलं तरी नंतर हळहळ वाटू नये."

ते शेवटचं वाक्य ह्यांनी घरी येऊन मला तीनदा सांगितलं. बँकेचं पत्र आणलं. आमची सगळी शिल्लक, माझे पडद्यांचे पैसे आणि कर्ज मिळून चव्वेचाळीस लाखांच्या पुढे आमची उडी नव्हती. दोन दिवस विचार करून ह्यांनी ठरवलं, त्रेचाळीस. मी म्हटलं, "लिहा आणि टाका पाकिटात."

तर म्हणाले, "त्याला एकदा विचारतो."

इथे मी हात धरायला हवा होता. पण मला तरी कुठे काय वाटलं? सव्वीस वर्षं ज्या माणसाला विचारल्याशिवाय ह्यांनी एका खोलीच्या छताचासुद्धा भाव सांगितला नाही, त्याला आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वेळी विचारणार नाहीत? दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, घराची बोली कोणी दुसऱ्याला दाखवतं का? हे दाखवतात. ह्यांच्या लेखी भावजी दुसरे नव्हतेच.

शुक्रवारी संध्याकाळी भावजी आले. मी चहा टाकला. ह्यांनी काचपेपर फाडून दोन तुकडे केले, एक त्यांच्या हातात दिला. एरवी भावजी पटकन लिहायचे आणि वर काहीतरी विनोद करायचे. त्या दिवशी ते पेन्सिल घेऊन खिडकीशी गेले आणि उभेच राहिले. मी गंमत केली, "काय भावजी, परीक्षेचा पेपर सोडवताय की काय? कॉपी करू देणार नाही हं!" ते हसले. खरंच हसले हो, मला अजून ते हसणं दिसतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

तुकडे उलटले. ह्यांचा त्रेचाळीस. भावजींचा सदतीस.

हे बघतच राहिले. सहाचा फरक त्या दोघांमध्ये कधी पडला नव्हता. भावजी म्हणाले, "अरे, मागच्या भिंतीची ओल विसरलास का? दोनदा आपणच झाकली ती. नळ सगळे जुने. बाकीचे लोक बघणार नाहीत का हे? त्रेचाळीस कोण देतंय त्याला? आणि हप्ते भरता भरता म्हातारा होशील. वहिनींच्या जिवाला घोर लावून घर घ्यायचं का?"

मी म्हटलं, "माझ्या जिवाची काळजी मी करीन. त्रेचाळीसच लिहा."

हे माझ्याकडे बघेनात. त्या दोन तुकड्यांकडे बघत होते. म्हणाले, "अगं, मधला आकडा कधी चुकला आहे का?"

झालं. चाळीस. मी खूप आदळआपट केली तेव्हा त्यावर दहा हजार वाढवले, कारण गोल आकडा सगळेच लिहितात, कोणी नेमका चाळीस लिहिला तर निदान आपलं पाकीट वर राहील. भावजींसमोरच पाकीट चिकटवलं. भावजी चहा पिऊन गेले. जाताना दारातून म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. व्हायचं ते चांगलंच होईल."

रविवारी मी खाली उतरायचं ठरवलं. ह्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. चौपन्न पायऱ्या बसत बसत उतरले, पण मनात म्हणत होते, ही शेवटची वेळ. नर्सबाईंच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मी पहिल्यांदाच ते घर बघत होते. रस्त्याकडच्या दोन खिडक्या, मागच्या दारातून सरळ उजेड. मी जागच्या जागी बसून मनातल्या मनात खिडक्यांची मापं घेतली.

तेवढ्यात दारातून भावजींची पोरगी आली. मला बघून दारातच थबकली. बिचारीनं वर्षभरापूर्वी नवऱ्याचं घर सोडलं होतं, दोन लेकरं घेऊन बापाकडे राहत होती, हे सगळं आम्हाला माहीत होतं. तिच्यासाठी वकील शोधायला हेच भावजींबरोबर फिरले होते. मला वाटलं, आम्हाला सोबत म्हणून पाठवली असेल भावजींनी. माझा ऊर भरून आला. मी तिला हाक मारली, माझ्या बाजूची खुर्ची पुढे ओढली आणि तिचा हात हातात घेऊन सांगत बसले, "त्या मोठ्या खिडकीला निळं कापड घेईन. आणि तुझी पोरं मागच्या जागेत खेळतील. आता तुला जिना चढून यायला नको." तिचा हात बर्फासारखा गार होता. काकू, एवढंच म्हणाली.

एजंटनं पाकिटं फोडली. पहिलं छत्तीस. दुसरं साडेअडतीस. तिसरं आमचं, चाळीस लाख दहा हजार. नर्सबाईंनी आमच्याकडे बघून मान हलवली. त्यांनाही आम्हीच हवे होतो, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी ह्यांचा दंड दाबला.

चौथं पाकीट. एक्केचाळीस. बँकेचं पत्र जोडलेलं, अट एकही नाही, ताबा बाईंच्या सोयीनं. एजंटनं नाव वाचलं.

माझ्या हातातला हात सुटला. पोरगी उठून पुढे गेली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तर माझ्या पायाखालची ती जमीन होती जिच्यावर मी दहा मिनिटांपूर्वी संसार मांडला होता.

घरी परतताना हे मला एकेक पायरी आधार देत होते आणि मी एकेक पायरीवर तोंडाचा पट्टा सोडला होता. "तुमचा आकडा त्रेचाळीस होता! त्रेचाळीस! तुम्ही तुमचं ऐकलं असतं तर आज घर आपलं होतं. त्यानं सदतीस लिहून तुम्हाला खाली ओढलं. आणि तुम्ही चाळीस लिहिलेलं त्यानं डोळ्यांनी बघितलं. केसानं गळा कापला हो! सव्वीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि खाल्ल्या घरचे वासे मोजले!"

हे म्हणाले, "अंदाज आहे. चुकतो एखाद्या वेळी."

"सव्वीस वर्षांत चुकला नाही तो नेमका परवाच चुकला? आणि तिचं पाकीट? ते काय आपोआप चिकटलं?"

दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत. पाठ धरली म्हणाले. तिसऱ्या दिवशीही पाठच. मी काय ते समजले. ज्या माणसानं तापात शिडी सोडली नाही त्याची पाठ अशी बरी धरते?

चौथ्या दिवशी दुपारी भावजी आले. जिना चढून धापा टाकत दारात उभे राहिले. मी आत बोलावलं नाही. ह्यांनी बोलावलं. बसायला खुर्चीसुद्धा दिली. मी मशीनवरून उठले नाही.

"वहिनी, मला जे बोलायचं ते बोला."

मी बोलले. काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असेल. भावजी खाली मान घालून ऐकत राहिले. माझा श्वास संपला तेव्हा मी एवढंच विचारलं, "सदतीस मुद्दाम लिहिलात?"

"हो वहिनी."

चुकून लिहिला, घाबरून लिहिला, काहीही म्हणाले असते तर ह्यांनी विश्वास ठेवला असता. बहुतेक मीही ठेवला असता. पण ते सरळ हो म्हणाले. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे नखातला रंग खरवडत होते.

"का?"

"दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं आहोत. पोरीला तिच्या नवऱ्याकडून पैसे मिळाले ते उडून जायच्या आत तिच्या डोक्यावर छप्पर करायचं होतं. या भागात तेवढ्यात बसणारं दुसरं घर नाही, आणि पोरांची शाळा इथेच."

"मग तोंड नव्हतं का तुम्हाला? मित्राला सांगायचं, बाबा रे, माझ्या पोरीलाही ते घर हवंय. लढला असता तो तुमच्याशी सरळ. हरलो असतो तर हरलो असतो."

भावजींनी मान वर केली. म्हणाले, "लढला नसता, वहिनी. तुम्हाला माहीत नाही का हा? मी सांगितलं असतं तर यानं पाकीटच दिलं नसतं. घर उचलून माझ्या हातात ठेवलं असतं. मग मी आयुष्यभर याच्या उपकाराखाली आणि तुमच्या तोंडाकडे बघायची सोय नाही."

"आता आहे?"

"आता तुम्ही शिव्या तरी देताय. त्या सोसवतील मला."

एवढं बोलून उठले. दारात क्षणभर थांबले, बहुधा हे काहीतरी म्हणतील म्हणून. हे म्हणाले, "जिन्यात जपून जा." माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. ज्यानं आपल्याला देशोधडीला लावलं त्याला जिन्यात जपून जा!

जिन्यावरची त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली. मी मशीनचं चाक हातानं धरून बसले होते. भावजी काहीही बोलतील, स्वतःची कातडी वाचवायला माणूस काय वाट्टेल ते बोलतो, असं मी मनाला सांगत होते. पण ते एक वाक्य काही केल्या मनातून जाईना. शेवटी विचारलं.

"अहो, तो म्हणाला ते खरं का? त्यानं आधी सांगितलं असतं तर तुम्ही पाकीट दिलं नसतं?"

हे खिडकीतून बाहेर बघत होते. ह्यांना खोटं बोलता येत नाही, हा ह्यांचा गुण मी एकतीस वर्षं चारचौघांत मिरवला होता.

"नसतं दिलं," म्हणाले.

"दोन लेकरं आहेत तिला, म्हणून?"

"हो. आणि तो माझा माणूस आहे."

"आणि मी?"

"तू?" ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. इतक्या सरळ, इतक्या मायेनं बघितलं की मला वाटलं, आता माफी मागतील. "तुला समजावलं असतं गं. तू समजूतदार आहेस."

भावजींवर मला ओरडता तरी आलं होतं. ह्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.